चार वर्षांत चार राजवटी

माझी दादी शाळेत गेली नव्हती. पण राज्यकारभाराचे प्रकार तिला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. मराठवाड्यातल्या तिच्या पिढीने १९४८ ते १९५२ या काळात चार राजवटी पाहिल्या, त्याही गाव न सोडता.

पहिली निजामाची. मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते. त्यांच्या काळात, १९१८ मध्ये, उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले, हे मोठेच काम. पण मराठवाड्यातल्या बहुसंख्यांची मराठी कचेरीच्या उंबऱ्याबाहेरच राहिली. १९३८ साली स्टेट काँग्रेस उभी राहत होती, तोच तिच्यावर बंदी आली. राजा चांगला निघाला तर नशीब, वाईट निघाला तरी नशीबच. पुढे रझाकारांनी धुमाकूळ घातला, तेव्हा रयतेने दाद मागायची कुणाकडे?

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय फौजेला शरण आले आणि जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. रझाकारांच्या पापाची शिक्षा त्या दिवसांत असंख्य निरपराध मुसलमानांनी भोगली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१३ साल उजाडले. आमच्या घरात त्या दिवसांविषयी कुणी बोलत नसे.

तिसरी राजवट १९५० सालची. वेल्लोडी हे सनदी अधिकारी दिल्लीच्या नेमणुकीने मुख्यमंत्री झाले. निजाम राजप्रमुख म्हणून राहिले. कारभाराची घडी बसू लागली. पण वेल्लोडींना कुणी निवडून दिले नव्हते.

अशात मतदारयादी करणारे दारात आले. देशभरात लाखो बायका 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगत होत्या. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गळाली. दादी पडद्याआडून म्हणाली, "घरवाले का नको, मेरा नाम लिखो." सरकारी कागदावर तिचे नाव प्रथमच चढले.

मतदानाच्या खोलीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, पेटीवर चिन्ह. मुसलमानांसाठी इंग्रजांनी १९०९ मध्ये आणलेले स्वतंत्र मतदारसंघ आता उरले नव्हते. शेजारच्या पाटलीणबाई आणि दादी एकाच रांगेत उभ्या राहिल्या. दोघींचे मत सारख्याच वजनाचे.

विधानसभेच्या १७५ जागांपैकी ९३ काँग्रेसला मिळाल्या. ६ मार्च १९५२ रोजी बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. कम्युनिस्ट पक्षावर तेव्हा हैदराबादेत बंदी होती. त्याची माणसे पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने लढली आणि ४२ जागा जिंकून विरोधी बाकांवर बसली. नळगोंड्याचे रवी नारायण रेड्डी तर पंडित नेहरूंपेक्षा जास्त मते घेऊन लोकसभेत गेले. काल ज्यांचा पाठलाग फौज करत होती, ते आज सरकारला प्रश्न विचारू लागले.

राजेही कधी न्यायी असतात, अधिकारीही कर्तबगार असतात. आणि निवडून आलेले सरकार चुकत नाही, असे तर मुळीच नाही. पण रक्त न सांडता त्याला घरी पाठवता येते, आणि हरलेल्याला पुन्हा उभे राहता येते. बाकीच्या तीन राजवटींत ही सोय नव्हती.

दादीने मत कुणाला दिले, हे शेवटपर्यंत सांगितले नाही. मात्र प्रत्येक निवडणुकीआधी ती मला यादी वाचायला लावी. नाव सापडले, की मान हलवून पुन्हा भाकऱ्या थापायला बसे.