गणिताच्या पदवीचा अर्धवट हिशेब

बारावीला गणितात उत्तम गुण असलेल्या मुलीने ‘मला बीएस्सीला गणितच घ्यायचंय’ म्हटले, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘ते करून मिळणार काय?’ प्रश्न रास्त आहे. मध्यमवर्गीय घराला पोटापाण्याचा विचार आधी करावाच लागतो. माझा आक्षेप या प्रश्नाच्या ठरलेल्या उत्तराला आहे.

पूर्वपक्ष असा: अभियंता चार वर्षांत कमावता होतो, त्याच्या कॉलेजात कंपन्या येतात. गणिताचा पदवीधर तीन वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. मग एमएस्सी, मग नेट-सेट, आणि शेवटी तासिका तत्त्वावर शिकवणे. म्हणून गणित ही खात्यापित्या घरच्या मुलांची हौस आहे.

यातले तासिका तत्त्वाचे वर्णन मी तसेच्या तसे मान्य करतो. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडते आणि नेट-सेट झालेली माणसे तासाच्या हिशेबाने राबतात, हा आपल्या राज्याचा मोठा दोष आहे. केवळ प्राध्यापकीवर डोळा ठेवून कोणी गणिताकडे वळत असेल, तर त्याला सावध करणे योग्यच. पण त्यापुढचा निष्कर्ष हिशेबाला टिकत नाही.

अर्थशास्त्रात शिक्षणाच्या खर्चात दोन गोष्टी धरतात: भरलेले शुल्क आणि शिकताना बुडालेली कमाई. गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये मानवी भांडवलावरच्या ग्रंथात ही मांडणी सविस्तर केली. ती आपल्याकडे लावून पाहू. पुढचे आकडे गृहीत धरलेले आहेत, वाचकांनी त्या जागी आपले घालावेत. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला सव्वा लाख, म्हणजे चार वर्षांचे पाच लाख. तेवढेच कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 8,300 रुपये बसतो आणि एकूण फेड जवळपास सात लाखांवर जाते. दुसरीकडे अनुदानित महाविद्यालयात बीएस्सी आणि विद्यापीठात एमएस्सी, दोन्हींचे मिळून शुल्क ऐंशी हजार धरू. इथे एक वर्ष जास्त लागते. त्या वर्षाची बुडालेली कमाई महिना पंचवीस हजारांप्रमाणे तीन लाख. एकूण तीन लाख ऐंशी हजार. म्हणजे पाच वर्षे शिकूनही गणिताचा मार्ग स्वस्त पडतो. शिवाय बीएस्सी बहुधा तालुक्याच्या गावीच होते, त्यामुळे पहिली तीन वर्षे खोली आणि खानावळीचा खर्च वाचतो.

शिष्यवृत्त्यांचा विचार तर कोणी करतच नाही. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान वा गणित शिकणाऱ्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. ती वर्षाला 80,000 रुपयांची असून त्यातले 60,000 थेट हातात येतात. अभियांत्रिकीला ती लागू नाही. महालनोबिस यांनी 1931 साली कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. स्टॅट. आणि बी. मॅथ. या अभ्यासक्रमांना वर्षानुवर्षे शिकवणी शुल्क नाही, उलट दरमहा विद्यावेतन आहे. जागा थोड्या आणि प्रवेश परीक्षा खडतर, हे खरे. पण बारावीच्या वर्षातच त्या परीक्षेचा अर्ज भरायचा असतो, हेही अनेक घरांत कोणी सांगितलेले नसते.

माझ्या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना राज्य सरकारने 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केले आहे. त्या घरांत शुल्काचा मुद्दा गळून पडतो. तिथे प्रश्न उरतो तो पुढच्या कमाईचा.

कमाईची तुलनाही आपण वाकडी करतो. नामांकित संस्थेतल्या अभियंत्याचे पॅकेज एका पारड्यात आणि बीएस्सीवर थांबलेल्या मुलाचा पगार दुसऱ्यात. हुशार मुले निवडून घेणाऱ्या संस्थेचे पदवीधर जास्त कमावतात, यात पदवीचे कर्तृत्व किती आणि मुलांचे किती? हीच कसोटी मी माझ्या बाजूलाही लावतो. ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या 2018 च्या अहवालात वैद्यक, गणित आणि अर्थशास्त्राचे पदवीधर सरासरी पदवीधरापेक्षा निदान तीस टक्के जास्त कमावतात असे दिसते. पण तिथेही गणिताला मुळात चांगल्या गुणांची मुले जातात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा पुरावा म्हणून मी पुढे करणार नाही. एवढे मात्र त्यातून दिसते, की गणित आणि गरिबी यांची जोडी निसर्गनियम नाही.

खरा धोका आहे तो बीएस्सीवर थांबण्यात, आणि विषयांची निवड डोळे मिटून करण्यात. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असेल, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय सांख्यिकी सेवेचे दार उघडते. तो नसेल तर निव्वळ गणिताच्या पदवीवर ते बंद. विमा गणिती होण्याच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. संशोधनाकडे वळून सीएसआयआर-नेटमधून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. पंचवीस हजारांवर रुजू होऊन आठ हजारांचा हप्ता भरणाऱ्या अभियंत्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

म्हणून प्रवेशाच्या वेळी पालकांनी महाविद्यालयाला विचारावे: गणितासोबत संख्याशास्त्र घेता येते का, ते शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहे का, संगणकाची प्रात्यक्षिके खरोखर होतात की फक्त जर्नल भरून घेतले जाते, आणि गेल्या काही वर्षांत इथून किती मुले ‘जॅम’ देऊन आयआयटीत एमएस्सीला गेली. या चारही प्रश्नांची उत्तरे निराशाजनक असतील, तर दुसरे महाविद्यालय शोधावे.