पगार किती, आणि काम किती दिवस? गिरणगावच्या गरिबीचा हिशेब



शहरातल्या गरिबीबद्दल बोलायला लागलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: पगार किती? हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. महिन्यात काम किती दिवस मिळायचं? आणि केलेल्या कामाचे पैसे हातात कधी पडायचे? आज मुंबईच्या गिरणी कामगारांचं उदाहरण घेऊन मी या तीन प्रश्नांची उत्तरं शोधणार आहे. गिरणगावाचा इतिहास म्हटलं की आपल्याला संप आठवतात, पुढारी आठवतात. आज आपण वाण्याची वही, मुकादमाची यादी आणि पगाराची तारीख यांच्याकडे बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांत ती गिरणी सुरू झाली. पुढच्या सत्तर वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांचा झाला. 1921 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. त्यातले 84 टक्के लोक मुंबईबाहेर जन्मलेले. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले दोन लाखांहून जास्त. आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, तर जेमतेम सव्वापाचशे. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. अर्धं कुटुंब गावी ठेवून माणूस मुंबईत राबत होता, हे त्या एका आकड्यात दिसतं.

आता या माणसाची कमाई किती होती, हे आपल्याला कळतं कसं? 1921 साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस नावाचं खातं उघडलं. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली होती आणि 1919 व 1920 साली मोठे संप झाले होते. सरकारला आकडे हवे होते. या खात्यानं 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि फिंडले शिरस यांनी तिचा अहवाल 1923 मध्ये प्रसिद्ध केला. दोन हजारांहून जास्त कुटुंबांचे आणि काही शे एकट्या पुरुषांचे हिशेब त्यात आहेत. सरकारी अहवाल आहे, कामगारांची बाजू घेण्यासाठी लिहिलेला नाही. म्हणूनच त्यातल्या आकड्यांना वजन आहे.

काय सांगतो हा अहवाल? कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न सुमारे 52 रुपये. खर्चापैकी जवळजवळ 57 टक्के अन्नावर. भाडं 8 टक्क्यांच्या आत, म्हणजे साडेतीन-चार रुपये. हे भाडं कमी का, तर 97 टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. आणि 47 टक्के कुटुंबं कर्जात. कर्ज किती, तर साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढं.

याच अहवालात एक वाक्य आहे, त्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. त्याचा आशय असा की, मुंबईचा कामगार दुष्काळ संहितेत दिलेल्या कमाल प्रमाणाइतकं धान्य खातो, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला जेवढा आहार ठरवून दिलाय, त्यापेक्षा कमी खातो. आता बघा, ही तुलना नवी नव्हती. दादाभाई नौरोजींनी 1876 साली याच मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला होता. माणशी वार्षिक उत्पन्न 20 रुपये, असा त्यांचा अंदाज होता, आणि त्याची तुलना त्यांनी कैद्याला जगवायला सरकारला जो खर्च येतो त्याच्याशी केली होती. जवळपास अर्धशतकानंतर सरकारच्याच खात्यानं तीच फूटपट्टी मुंबईच्या कामगाराला लावली, आणि निष्कर्ष फारसा बदलला नाही.

इथे एक शंका येईल. हे 52 रुपये तेव्हाच्या मानानं कमी होते का? खेड्यातल्या शेतमजुराशी तुलना केली तर मुळीच नाही. म्हणून तर माणसं बोटीत बसून मुंबईला येत होती. मग निम्मी कुटुंबं कर्जात का? इथे आपला दुसरा प्रश्न येतो: काम किती दिवस?

गिरणीत दोन प्रकारचे कामगार होते, कायम आणि बदली. रोज सकाळी दारवाजाबाहेर माणसं उभी राहायची. आत कोणाचा खाडा झाला, कोण आजारी पडलं, कोण गावी गेलं, त्या जागेवर बदली घ्यायचा. कोणाला घ्यायचं हे मुकादम ठरवायचा. त्याला जॉबर असंही म्हणत. कामावर लावायचं, कामावर देखरेख करायची आणि कामावरून काढायचं, हे तिन्ही अधिकार एका माणसाच्या हातात. त्यामुळे त्याला दस्तुरी द्यावी लागे. गिरणी मालकांच्या संघटनेनं 1935 मध्ये बदली कामगारांना कार्ड देण्याची योजना आणली, ती मुकादमाच्या या सत्तेला आळा घालण्यासाठीच.

पण सगळा दोष मुकादमाच्या माथी मारून चालणार नाही. राजनारायण चंदावरकर या इतिहासकारांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. बाजारात मागणी वाढली की माणसं वाढवायची, मंदी आली की कमी करायची, ही गिरण्यांची धंद्याची रीतच होती. मालाची साठवण महाग, भांडवल थोडं. त्यामुळे चढउताराचा धक्का कामगाराच्या दिवसांवर ढकलला जायचा. म्हणजे बदली कामगार ही व्यवस्थेतली चूक नव्हती. ती व्यवस्थाच होती.

आता तिसरा प्रश्न: पैसे हातात कधी? गिरणीत पगार महिन्याचा. पण तो पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान मिळायचा. म्हणजे एखादा माणूस पहिल्या तारखेला कामावर लागला, तर पहिला पगार बघायला त्याला सहा आठवडे थांबावं लागे. हे सहा आठवडे तो खाणार काय? वाण्याच्या उधारीवर. नोकरी मिळाली त्याच दिवशी कर्ज सुरू झालं! शिवाय पगारातून कपात. कापड बिघडलं तर ते विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत कापायची, एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापायचा, असले प्रकार अनेक गिरण्यांत चालत.

व्याजाचा दर होता दर महिन्याला रुपयामागे एक आणा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला 75 टक्के. आपण जरा हिशेब करू. अडीच महिन्यांची कमाई म्हणजे सुमारे 130 रुपये कर्ज. सगळं कर्ज या दरानं असेल, तर महिन्याचं व्याज 130 आणे, म्हणजे 8 रुपये 2 आणे. खोलीचं भाडं साडेतीन-चार रुपये आणि व्याज आठ रुपये! घरभाड्याच्या दुप्पट पैसे त्या कुटुंबाच्या हातून व्याजात जात होते, आणि मुद्दल तसंच राहत होतं. 52 रुपयांची सरासरी ही गोष्ट सांगत नाही. ती वाण्याची आणि पठाणाची वही सांगते. 1936 साली वेतन अदा करण्याचा कायदा झाला आणि महिना संपल्यावर सात किंवा दहा दिवसांत पगार देणं बंधनकारक झालं. कायद्यानं पगारात एक पैसाही वाढवला नव्हता. फक्त तारीख अलीकडे आणली होती. पण उधारीवर जगणाऱ्या माणसाला त्या तारखेचं मोल काय होतं, हे आता लक्षात येईल.

मग प्रश्न असा की, या अवस्थेत माणसं तगली कशी? तीन आधार सांगतो.

पहिला आधार गाव. मुंबईचा चाकरमानी गावी मनिऑर्डर पाठवायचा, हे आपल्याला ठाऊक आहे. पण उलट दिशेनंही बरंच काही येत होतं. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, बेकारी हे सगळं गाव सांभाळायचं. 1921 साली मुंबईत जन्मलेल्या हजार मुलांमागे सहाशेहून जास्त मुलं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. हा आकडा वाचताना सावध राहायला हवं. अनेक बायका बाळंतपणाला गावी जायच्या आणि तान्ह्या मुलाला घेऊन परत यायच्या. जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत, त्यामुळे दर फुगतो. पण हे मान्य करूनही, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण सर्वांत भयानक होतं, ही गोष्ट उरतेच. गिरणीला माणूस धडधाकट असतानाच हवा होता. बाकीच्या आयुष्याचा खर्च कोकणातली भातखाचरं आणि घाटावरची कोरडवाहू शेतं भरत होती.

दुसरा आधार बायकांचे कष्ट. 1920 च्या दशकात गिरणीत दर पाच कामगारांत साधारण एक स्त्री होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या हाताखाली. पुढे यंत्रं बदलली, रात्रपाळीला स्त्रियांना बंदी होती, 1929 मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि मालकांना स्त्री कामगार महाग वाटू लागली. त्यांची संख्या घटत गेली. त्या घरी बसल्या का? नाही. त्यांनी खानावळी चालवल्या. एका खोलीत दहा-वीस पुरुषांचं दोन वेळचं जेवण, पैसे पगार झाल्यावर. म्हणजे कामगाराला सहा आठवडे उधार जेवू घालणारी हीच बाई, आणि त्यासाठी वाण्याकडून चढ्या व्याजानं उधार घेणारीही हीच. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर शंभरेक वर्षं त्यांच्या श्रमाची नोंद कुठल्याही पगारपत्रकात नव्हती.

तिसरा आधार जात आणि गावकी. नोकरी ओळखीनं मिळायची, खोली गावकऱ्यांत मिळायची. पण जो आधार एकाला, तीच भिंत दुसऱ्याला. साचाखात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या कारणानं अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठामपणे ठेवला. त्याच गिरणीत, त्याच भोंग्यावर येणाऱ्या दोन माणसांच्या उत्पन्नातला फरक कौशल्यानं नव्हे, जन्मानं ठरत होता. गरिबीच्या सरासरीत हेही दिसत नाही.

तो 1928 चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, जवळपास सहा महिने. एका विणकरानं दोनऐवजी तीन साचे चालवायचे, हा त्यातला कळीचा वाद. तीन साचे म्हणजे तिसरा माणूस बेकार, हे साधं गणित कामगाराला कळत होतं. त्यानंतरची वीस वर्षं झगड्याची होती, आणि त्यातून काही पदरात पडलं. दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता आला आणि तो राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. 1947 मध्ये औद्योगिक न्यायालयानं पगाराचं प्रमाणीकरण केलं आणि किमान मूळ पगार 30 रुपये ठरला. कायम कामगाराच्या घरात थोडी स्थिरता आली. मुलं शाळेत गेली. पण बदली संपली नाही. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती. तो संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, काम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे गेलं आणि 1991 च्या विकास नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनीला गिरण्यांपेक्षा जास्त भाव आला. कायम नोकरी गेली. दारवाजाबाहेरची रांग मात्र राहिली, आता ती नाक्यावर दिसते.

शेवटी मोजमापाबद्दल. 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. 1960-61 च्या किमतींनुसार शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये ही त्यांची रेषा. शहरी गरीब म्हणजे खेड्यातून ओसंडून आलेली गरिबीच, असं त्यांनी म्हटलं. आपण आज जे पाहिलं, त्यावरून त्यात एक भर घालावीशी वाटते: शहर त्या गरिबीला नुसती जागा देत नव्हतं, शहर तिच्यावर चालत होतं. आणि आजही रोजगाराच्या पाहणीत साप्ताहिक स्थिती मोजताना आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. या हिशेबानं 1921 चा बदली कामगारही रोजगारातच होता.

म्हणून पुढच्या वेळी शहरातल्या उत्पन्नाचा एखादा आकडा वाचाल, तेव्हा तो जरूर लिहून घ्या. फक्त त्याच्याशेजारी दोन रकाने मोकळे ठेवा: काम किती दिवस, आणि पैसे कोणत्या तारखेला. ते भरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.