लिनक्स, वेबकॅम आणि एक फ्रेंच डॉक्टर

लॅपटॉपच्या पडद्यावर, अगदी मधोमध, मुगाच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका असतो. आज उबुंटू टाकलं की तो बहुतेक वेळा आपोआप चालतो, त्यामुळे त्यामागे काही इतिहास असेल असं आपल्याला वाटतच नाही. पण मंडळी, आहे! आणि चांगला वीस वर्षांचा आहे.

आधी थोडं तांत्रिक. हा कॅमेरा लॅपटॉपच्या 'आतला' असला तरी बहुतेक वेळा मदरबोर्डला यूएसबीनेच जोडलेला असतो. म्हणजे दुकानात मिळतो तोच वेबकॅम, फक्त झाकणात बसवलेला. सुरुवातीच्या यूएसबीचा वेग होता सेकंदाला १२ मेगाबिट. ६४० बाय ४८०चं चित्र सेकंदाला ३० वेळा कच्चंच पाठवायचं तर लागतात शंभराहून जास्त. मग चित्र दाबून लहान करणं आलं. प्रत्येक कंपनीने त्याची आपापली रीत काढली आणि ती गुपित ठेवली. खोक्यात विंडोजची सीडी असायची. लिनक्सवाल्यांसाठी काही नाही.

याचा पहिला मोठा भडका उडाला २००४ साली (तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, हे सगळं नंतर वाचलेलं). फिलिप्सच्या कॅमेऱ्यांसाठी 'पीडब्ल्यूसी' नावाचा ड्रायव्हर होता. 'नेमोसॉफ्ट' या टोपणनावाच्या माणसाने तो लिहिला होता. कंपनीशी गुप्ततेचा करार असल्याने चित्र उलगडणारा भाग त्याने वेगळा आणि बंद ठेवला होता. तो बंद भाग अडकवण्यासाठी कर्नलमध्ये एक खुंटी होती. ग्रेग क्रोआ-हार्टमनने ती काढून टाकली, कारण फक्त बंद कोडसाठी खुंटी ठेवणं नियमात बसत नव्हतं. नेमोसॉफ्ट चिडला, म्हणाला माझा सगळाच ड्रायव्हर काढा. तोही काढला गेला! शेवटी ल्यूक सायार नावाच्या प्रोग्रॅमरने बंद भागाचं कोडं सोडवून ते खुलं लिहिलं आणि ड्रायव्हर परत आला. पण मधल्या मधे पैसे देऊन कॅमेरा घेतलेल्यांचे हाल झाले ते झालेच.

दुसरीकडे फ्रान्समध्ये मिशेल झार नावाचे गृहस्थ फावल्या वेळात कॅमेरे चालवत बसले होते. पेशाने डॉक्टर! त्यांच्या लक्षात आलं की खोक्यांवर नावं शेकडो असली तरी आतल्या चिप मोजक्याच कंपन्यांच्या आहेत. चिप ओळखली की एका दमात वीस-पंचवीस मॉडेलं चालतात. असं करत त्यांचा ड्रायव्हर दोनशेहून जास्त कॅमेऱ्यांपर्यंत पोचला आणि २००८ मध्ये, नव्याने बांधणी होऊन, 'जीएसपीसीए' या नावाने कर्नलमध्ये आला.

पण खरा तिढा सुटला तो कागदावर. २००३ मध्ये यूएसबीच्या संघटनेने 'यूव्हीसी' हे मानक जाहीर केलं: कॅमेऱ्याने संगणकाशी कोणत्या भाषेत बोलायचं याचा खुला नियम. पुढे मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाच्या लोगोसाठी त्याचा आग्रह धरला आणि कंपन्या निमूट रांगेत आल्या. लॉरां पिंशारने त्या मानकाचा लिनक्स ड्रायव्हर लिहिला, तो जुलै २००८ मध्ये २.६.२६ कर्नलमध्ये शिरला. एक ड्रायव्हर, हजारो कॅमेरे. विंडोजच्या लोगोचा फायदा लिनक्सला फुकटात!

तरी गमती उरल्याच. काही लॅपटॉपांत कॅमेरा चक्क उलटा बसवलेला होता, विंडोजचा ड्रायव्हर चित्र गुपचूप सरळ करायचा. लिनक्सवर माणसं डोकं खाली, पाय वर! हान्स डी गूडच्या 'लिबव्हीफोरएल'मध्ये अशा लॅपटॉपांची चक्क यादी आहे. त्यातलं नाव जुळलं की चित्र फिरवायचं.

आता संपलं असं वाटत असतानाच २०२२ आलं. नव्या पातळ लॅपटॉपांत यूएसबी सोडून मोबाईलसारखे कॅमेरे आले. त्यांचा कच्चा डेटा इंटेलच्या 'आयपीयू६' या भागाकडे जातो, आणि त्यावर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर बंद. पुन्हा तेच! ग्रेगने असे लॅपटॉप घेऊ नका असाच सल्ला दिला. मग कामाला कोण लागलं? पिंशार आणि हान्स. पिंशारचं 'लिबकॅमेरा' २०१८ पासून चालू होतंच. २०२४ मध्ये ६.१० कर्नलमध्ये आयपीयू६चा खुला ड्रायव्हर आला आणि चित्राची प्रक्रिया प्रोसेसरवर करायची सोयही झाली.

सांगायचा मुद्दा असा, की हुशार माणसं दोन्ही काळात होती. फरक पडला तो नियम खुला होता की नाही याने. २०२०च्या लॉकडाउनमध्ये शाळा, मुलाखती, डॉक्टरची तपासणी, सगळं या ठिपक्यातून चाललं. यूव्हीसीच्या भाषेत बोलणारा जुना कॅमेरा, कंपनी त्याला विसरली तरी, तेव्हाही चालू शकत होता. गुपित रीतीवाल्याचं नशीब मात्र कुणा डॉक्टरच्या फावल्या वेळावर अवलंबून.

तेव्हा नवा लॅपटॉप घेताना रॅम बघालच. कॅमेरा यूएसबीवर आहे का, तेही एकदा विचारा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल... बघू दे!