तत्त्वचिंता आणि तिचे आश्रयदाते

तत्त्वज्ञाने कशाची चिंता वाहावी, हा वाद आपल्याकडे किती जुना आहे हे पाहायचे तर म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाचा उंबरठा ओलांडावा लागतो. १९०५ साली तिथले आर. शामशास्त्री यांच्या हाती तंजावरकडच्या एका पंडिताने एक पोथी ठेवली. १९०९ मध्ये ती छापून निघाली आणि कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ विद्वानांपुढे सबंध आले. त्याच्या आरंभीच विद्या किती, हा झगडा आहे. मनूचे अनुयायी तीन म्हणत, बृहस्पतीचे दोनच. त्यांच्या मते व्यवहार जाणणाऱ्याला वेद हे केवळ पांघरूण. उशनसाच्या अनुयायांना तर दंडनीती, म्हणजे राज्यकारभाराची विद्या, एवढी एकच पुरेशी वाटे. कौटिल्य मात्र आन्वीक्षिकीला, म्हणजे तर्काने तपासणाऱ्या विद्येला, स्वतंत्र आसन देतो आणि सांख्य व योग यांच्या शेजारी चक्क जडवादी लोकायतालाही बसवतो. धर्म कोणता नि अधर्म कोणता, शेती-व्यापारात हित कशात, राज्यकारभारात नीती कोणती, हे सारे या विद्येने युक्तीने पारखावे अशी त्याची अपेक्षा. त्या प्रकरणात मोक्षाचे नाव नाही. राजपुत्राच्या शिक्षणासाठी मांडलेली विद्या राजाच्या कामाची असणार, हे ओघानेच आले.

पुढे चित्र पालटते. मनुस्मृती राजाने शिकायच्या विद्या सांगताना आन्वीक्षिकीला आत्मविद्येच्या जोडीला नेऊन बसवते. पाचव्या शतकाच्या आसपास न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाला ही जवळीक खटकली असावी. संशय, दृष्टांत, वाद यांसारखे पदार्थ वेगळे सांगितले नाहीत तर ही विद्या उपनिषदांसारखी निव्वळ अध्यात्मविद्या होऊन बसेल, असे तो बजावतो. तरीही ज्या सूत्रांवर तो लिहीत होता त्यांचे पहिलेच सूत्र निःश्रेयसाचे, म्हणजे परमकल्याणाचे, आश्वासन देते. ही तडजोड न्यायशास्त्राने शेकडो वर्षे निभावली. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’ची मांडणी चार प्रमाणांभोवती केली आणि विद्वानांचे लक्ष ज्ञान खरे कसे ठरते, या प्रश्नावर खिळले. त्याने घडवलेली काटेकोर परिभाषा व्याकरण आणि धर्मशास्त्रापर्यंत पोचली. शेती-व्यापार मात्र तिच्या वाटेला फारसे आले नाहीत. आश्रय आता गुरुगृहाचा आणि दानाचा होता, आणि पंडिताचा श्रोता दुसरा पंडितच होता.

पेशवाईत हा आश्रय श्रावणातल्या दक्षिणेच्या रूपाने पुण्यात वाटला जाई. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने त्याच निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आले आणि मिल्ल, स्पेन्सर हे पदवीधरांच्या तोंडी बसले. त्या शिदोरीवर आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि बालविवाह, विधवांचे केशवपन, पोशाख अशा घरगुती गोष्टींना कारणे विचारली. कौटिल्याची पोथी तेव्हा अजून सापडायची होती! तिकडे वाईच्या प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीने न्याय शिकलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९२३ मध्ये कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवली आणि पुढे ते पांडित्य अस्पृश्यतेच्या शास्त्राधारांविरुद्ध वापरले.

याच काळातला सर्वांत नवलाचा आश्रयदाता मात्र खानदेशात, बोरी नदीकाठच्या अमळनेरात होता. १९१६ मध्ये गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापसाच्या पैशावर अद्वैत वेदान्ताचा अभ्यास, ही जोडी आजही वाचकाला थबकवते. सिंधमधून आलेले जी. आर. मलकानी तिथे रमले आणि ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे त्रैमासिक त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३० नंतरच्या दशकात काही काळ संचालक होते. विचारांतल्या स्वराज्यावरचे त्यांचे व्याख्यान १९५४ मध्ये छापून आले. पारतंत्र्यातला विद्वान परक्या कल्पना न तपासताच उचलतो, हे त्यांचे दुखणे होते. साने गुरुजीही आधी या मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला आले, मग गावातल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० मध्ये ती नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. मला वाटते, अमळनेरच्या मंदिराची थोरवी आणि मर्यादा या एका वाटचालीत दिसतात. शेठजींना ब्रह्माचा विचार हवा होता आणि तो तिथे निष्ठेने झाला. पण भोवतालचा शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्याकडे वळायला गुरुजींना तिथून बाहेर पडावे लागले.

स्वातंत्र्यानंतर आश्रयदाते झाले विद्यापीठ आणि सरकार. १९७४ मध्ये दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत निघाला. त्यानंतर १९८३ मध्ये तत्त्वचिंतक मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण यांनी पुण्यात एक धाडस केले. इंग्रजीत शिकलेले प्राध्यापक आणि संस्कृतातले नैयायिक यांना समोरासमोर बसवून रसेलच्या विधानविषयक सिद्धान्तावर चर्चा घडवली. कृष्णचंद्रांनी सांगितलेली तपासणी ती हीच. या भेटीचे इतिवृत्त १९९१ मध्ये ‘संवाद’ नावाने भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषदेने छापले. आपल्या शास्त्रातल्या कोणत्या गोष्टी सोडूनही शास्त्र उभे राहते, असे पंडितांना विचारण्याची सोय या प्रयोगामुळे झाली. काशीचे बदरीनाथ शुक्ल यांनी तो प्रश्न मनावर घेतला. शरीरालाच आत्मा मानले तरी न्यायदर्शनाची व्यवस्था कशी टिकू शकेल, याची मांडणी त्यांनी संस्कृतात केली, तीही आयुष्यभर आत्मवादी न्याय शिकवल्यानंतर. १९८८ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात तिचा इंग्रजी अनुवाद आला.