अश्मीभूत काष्ठ (दख्खन)

दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये सापडणारे, दगड होऊनही पेशीरचना टिकवून धरलेले लाकूड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबत थांबत वाहिला. मधल्या उसंतीत तळी साचली, काठावर झाडी वाढली आणि पुढच्या लाव्ह्याने सारे झाकले. या गाळाला आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. पाण्यातली सिलिका खोडात झिरपून पेशीपेशीत साचली.

अभ्यासलेली बरीच खोडे माहुरझरी (नागपूर), नवरगाव (वर्धा) आणि मोहगाव कलान (छिंदवाडा) इथली आहेत. नांदेड-लातूर हा याच लाव्हापठाराचा आग्नेय भाग; इथे लाव्ह्याचे थर पातळ होत जातात. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनछिद्रात काळा पाषाण (लाव्ह्याचा खडक) ३३८ मीटरवर संपला. खाली जेमतेम ८ मीटर गाळ आणि मग ग्रॅनाइटी खडक लागला. देगलूरकडे तर ग्रॅनाइट उघडाच आहे.

ओळख पटते ती छेदावरून. आडवा, अरीय आणि स्पर्शीय असे तीन काप प्रकाश आरपार जाईल इतके पातळ घासतात. द्विदल खोडात वाहिन्या, त्यांना बिलगलेले मृदूतक (मऊ पेशींची ऊती) आणि किरण दिसतात. त्यांच्या मांडणीवरून कूळ ठरते. महारुखाच्या कुळातली लाकडे अशीच ओळखली गेली. २०१७ साली एलिझाबेथ व्हीलर, रश्मी श्रीवास्तव आदींनी दख्खनच्या लाकडांची जगभरच्या समकालीन लाकडांशी तुलना केली, तेव्हा भारतीय लाकडे अपेक्षेपेक्षा बरीच आधुनिक घडणीची निघाली.

ताडवर्गीय खोडांची गोष्ट वेगळी. त्यांत ऊतककर (नवे लाकूड घडवणारा थर) नसतो, त्यामुळे खोड वर्षागणिक थर चढवत जाड होत नाही. कापलेल्या तोंडावर वाहक वृंदांचे ठिपके सांडलेल्या तांदळासारखे विखुरलेले दिसतात. अशा खोडांना पामोझायलॉन हे सोयीचे नाव देतात. नावाच्या या मोटेतून खऱ्या प्रजाती वेगळ्या काढण्याचा प्रयत्न पुण्याचे टी. एस. महाबळे यांनी १९५८मध्ये केला.

वलये मोजून झाडाचे वय सांगण्याची हौस इथे आवरावी. द्विदल खोडांतही ती बहुधा पुसट असतात किंवा नसतातच. कडक हिवाळा नसलेल्या उष्ण हवेत वाढ सहसा खंडत नाही. उलट शेतात सापडणाऱ्या अकीक गारगोटीवरचे सुबक पट्टे पोकळीत सिलिका थराथराने साचून बनतात, त्यांचा झाडाशी काही संबंध नाही. भिंगातून तंतू किंवा छिद्रांची नियमित मांडणी दिसली, तर मात्र तुकडा फोडू नये. जागा टिपून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भूशास्त्र संकुलाला कळवावे.