रामबाण औषधे आणि गिरणीतला माणूस



आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही, आणि इतिहासाचे प्राध्यापक तर मुळीच नाही. आमचे शिक्षण अर्धे रात्रशाळेत झाले आणि उरलेले युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांनी केले. तरीही आजचा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, म्हणजे 1837 पासून 1901 पर्यंत, इंग्लंडात जी 'पेटंट' औषधे खपली त्यांचा हा विषय. तो सहसा गमतीचा म्हणून सांगितला जातो. सगळ्या रोगांवर एकच गोळी, आणि ती मुकाट्याने गिळणारे भोळे लोक! हसायला आमची हरकत नाही. पण ज्यांना आपण हसतो ते लोक कोण होते, आणि त्यांनी ती गोळी का घेतली, हे एकदा नीट पाहावे एवढीच आमची विनंती आहे.

प्रथम 'पेटंट' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. खरे पेटंट घ्यायचे तर आपल्या वस्तूत काय आहे ते सरकारदरबारी उघड करावे लागते. या मंडळींना तर नेमके तेच लपवायचे होते. म्हणून बहुतेक 'पेटंट' औषधांना पेटंट कधी नव्हतेच; होते ते फक्त नाव, डबीचा आकार आणि वेष्टनावरचे चित्र. मात्र त्या वेष्टनावर आणखी एक गोष्ट असे, ती म्हणजे सरकारी मुद्रांक. अशा औषधांवर सरकार कर घेई. एक शिलिंगपर्यंतच्या डबीवर दीड पेनी हा दर. म्हणून एक शिलिंग दीड पेनी अशी चमत्कारिक किंमत त्या काळच्या जाहिरातींत जिकडेतिकडे दिसते. कर भरल्याची ती खूण. पण गरीब गिऱ्हाइकाला वाटे, राणीसरकारनेच या औषधाची हमी घेतली आहे. विक्रेत्यांनी हा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही, हे सांगायला नकोच.

या धंद्यातील तीन नावे सांगतो. पहिला जेम्स मॉरिसन. याने 1828 मध्ये लंडनला 'ब्रिटिश कॉलेज ऑफ हेल्थ' काढले. नाव महाविद्यालयाचे, पण धंदा गोळ्यांचा. त्याचे तत्त्वज्ञान सोपे होते. सर्व रोगांचे मूळ एकच, अशुद्ध रक्त. आणि त्यावर उपायही एकच, जुलाब. गोळ्यांत कोरफडीचा काळा बोळ आणि गँबोज नावाचा जहाल रेचक डिंक असे. गुण आला नाही तर गोळ्या वाढवा, असा त्याचा उपदेश. त्यातून जे व्हायचे ते झाले. 1836 मध्ये त्याच्या एका विक्रेत्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला होऊन त्याला शिक्षा झाली. गोळ्यांचा खप मात्र थांबला नाही.

दुसरा टॉमस हॉलोवे. याला औषधापेक्षा जाहिरात अधिक कळत होती. 1842 मध्ये त्याने जाहिरातीवर 5,000 पौंड खर्च केले; अखेरच्या वर्षांत हाच आकडा वर्षाला 50,000 पौंडांच्या घरात गेला. त्याच्या गोळ्या आणि मलम चीन, तुर्कस्तान, अरबस्तानापर्यंत गेले, आणि आपल्या देशी भाषांतही त्यांच्या जाहिराती निघाल्या. त्या पैशातून त्याने मुलींसाठी एक भव्य महाविद्यालय बांधले. 1886 मध्ये खुद्द राणीने त्याचे उद्घाटन केले. त्या संस्थेत हजारो मुली शिकल्या, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या इमारतीच्या विटा कोणाच्या शिलिंगांतून आल्या, एवढे विचारण्याचा हक्क राखून ठेवतो.

तिसरा टॉमस बीचम. लहानपणी मेंढरे राखणारा हा माणूस पुढे लँकेशायरमधील सेंट हेलेन्स गावी गोळ्यांचा कारखानदार झाला. 'डबीचे मोल एक गिनी' ही त्याची घोषणा घराघरांत पोहोचली. गिनी म्हणजे 21 शिलिंग. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा औषधांचे पृथक्करण करून 1909 मध्ये 'सीक्रेट रेमेडीज' नावाचे पुस्तक छापले. त्यात बीचमच्या गोळीत काय निघाले? काळा बोळ, सुंठ आणि साबण! एका डबीत 56 गोळ्या. त्यांतल्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा हिस्सा. आणि विक्रीची किंमत साडेतेरा पेन्स. आम्ही वेतनाच्या वाटाघाटी करणारी माणसे, हिशेब केल्यावाचून राहवत नाही. ही किंमत मालाच्या बरोबर 108 पट होते. सरकारचा मुद्रांक वगळला तरी 96 पट उरते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. लोकांनी हे का घेतले? केवळ अडाणी होते म्हणून, हे उत्तर आम्हाला पटत नाही. गिरणीतल्या माणसाला डॉक्टरची फी म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी पडे. फी भरून मिळे काय? शतकाच्या पूर्वार्धात बरेच डॉक्टरदेखील रक्त काढीत आणि पारा पाजीत. फुकट औषध हवे तर गरिबांच्या कायद्याखाली पॅरिशच्या डॉक्टरकडे जावे लागे. पण तिथे गेला तो 'भिकारी' ठरला. 1885 पर्यंत अशी वैद्यकीय मदत घेणाऱ्याचा मतदानाचा हक्कदेखील जात असे. म्हणजे ताप आला तर एका हाताने औषध घ्यावे आणि दुसऱ्या हाताने नागरिकत्व परत करावे! अशा स्थितीत कोपऱ्यावरच्या दुकानात कोणाचे तोंड न बघता मिळणारी डबी माणसाला अब्रूची वाटली, तर त्यात नवल कसले? शिवाय खाडा म्हणजे मजुरीला मुकणे. त्याला बरे व्हायचे नव्हते, उद्या सकाळच्या भोंग्याला हजर राहायचे होते.

आणि आता ज्या बाटलीसाठी आम्ही हा विषय घेतला, तिच्याकडे वळतो. तिचे नाव गॉडफ्रेज कॉर्डियल. काकवीच्या गोड पाकात अफू. हिचा कोणी एक मालक नव्हता. जो तो औषधविक्रेता आपल्या अंदाजाने ती बनवी, त्यामुळे एका दुकानाची बाटली सौम्य, तर दुसऱ्याची जहाल. अफूचा गाळ तळाशी बसे आणि शेवटचा चमचा सगळ्यांत घातक ठरे. ही बाटली तान्ह्या मुलांसाठी होती. बाळंतपणानंतर थोड्याच आठवड्यांत आई मागावर परत जाई. मूल शेजारच्या एखाद्या म्हातारीकडे राही, तिच्याकडे अशी चारपाच मुले असत. ती रडू नयेत म्हणून प्रत्येकाला एक चमचा. एंगल्सने 1845 च्या आपल्या ग्रंथात मँचेस्टरकडच्या कामगारांचे वर्णन करताना या बाटलीचे नाव घेतले आहे. अफूने मूल एकदम मरेच असे नाही. ते झोपे, भुकेने रडत नसे, म्हणून त्याला कोणी पाजत नसे, आणि ते म्हाताऱ्यासारखे सुरकुतत जाई. मृत्यूच्या नोंदीत मग 'अशक्तपणा' असे लिहिले जाई.

हे विलायतेतले झाले, असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या गिरण्यांतही हीच सोय होती. तिला बाळागोळी म्हणत. आमची आजी एका गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. तिने सांगितलेले आम्ही लहानपणी ऐकले आहे. पहाटे खात्यावर निघताना ती पहिल्या मुलाच्या जिभेवर मोहरीएवढी गोळी ठेवी आणि चाळीतल्या एका बाईच्या हवाली करी. ते मूल आठ महिन्यांचे होऊन गेले. गोळीनेच गेले असे म्हणायला पुरावा नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. पण आजी शेवटपर्यंत एवढेच म्हणे, "बाबा रे, ते रडलंच नाही."

आजी अडाणी होती म्हणून तिने गोळी दिली काय? नाही. तिच्याजवळ पाळणाघर नव्हते म्हणून दिली.

कायद्याने काय केले तेही पाहू. 1868 मध्ये इंग्लंडात विषांच्या विक्रीवर बंधन आले आणि अफू त्या यादीत गेली. पण पेटंट औषधांना त्यातून सूट मिळाली. मुद्रांकाचे उत्पन्न सरकारला हवे होते आणि जाहिरातीचे उत्पन्न वर्तमानपत्रांना. 1912 मध्ये पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. तिने धंद्याची लक्तरे बाहेर काढली, पण अहवाल प्रसिद्ध झाला तो 4 ऑगस्ट 1914 रोजी, ज्या दिवशी ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी. अहवाल बासनात गेला. औषधांवरचा मुद्रांक-कर उठला तो थेट 1941 मध्ये.

मग इलाज कोठून आला? आमच्या मते तो दोन वाटांनी आला. एक वाट उघडेपणाची. डबीत काय आहे ते डबीवर लिहा, एवढी साधी मागणी. पण गुपितावर जगणाऱ्या धंद्याला याहून मोठे विष नाही. दुसरी वाट संघटनेची. वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगारांनी आणि लोखंडकामगारांनी 1890 मध्ये वैद्यकीय मदत मंडळ काढले. मजुरीतून थोडे थोडे पेन्स कापून त्यांनी स्वतःचे डॉक्टर नेमले. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेवन पुढे आरोग्यमंत्री झाला, आणि 5 जुलै 1948 रोजी साऱ्या ब्रिटनसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. इंग्लंडात 1891 च्या कायद्याने बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कारखान्यात कामावर घेण्यास मनाई केली. मुंबई इलाख्यात 1929 मध्ये प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला, आणि 1948 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. 1954 मध्ये जादुई उपचारांच्या जाहिरातींवर आपल्याकडे बंदीचा कायदा झाला. यांतले काहीही कोणी दयेपोटी आणून दिले नाही. त्यामागे मागण्या होत्या, मोर्चे होते.

आजही आमच्याकडे कंत्राटी कामगार येतात. खिशात कसल्याशा ताकदीच्या पुडीचा कागद असतो. वरती सिंहाचे चित्र, आत काय ते लिहिलेले नाही. तरुण कार्यकर्ते त्यांच्यावर चिडतात. आम्ही त्यांना सांगतो, आधी त्याला विचारा की त्याची पाळी किती तासांची आहे, आजारपणाची रजा त्याला मिळते का, आणि सरकारी दवाखाना त्याच्या सुटीच्या वेळी उघडा असतो का. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुडीत काय आहे ते निम्मे कळलेच म्हणून समजा. उरलेले निम्मे मात्र पुडीवर छापून घेतले पाहिजे, आणि त्यासाठी भांडणे हे आपले काम आहे.