१४ फेब्रुवारी १९५० : चीन-सोव्हिएत मैत्री करार
मॉस्को येथे १४ फेब्रुवारी १९५० रोजी स्टालिन आणि माओ त्से-तुंग यांच्या उपस्थितीत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रेई विशिन्स्की व चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी मैत्री, युती आणि परस्पर साहाय्याच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. जपानने किंवा त्याच्याशी संगनमत केलेल्या राष्ट्राने (रोख अर्थातच अमेरिकेकडे होता) दोहोंपैकी एकावर आक्रमण केल्यास दुसऱ्याने लष्करी साहाय्य द्यावे, असे या तीस वर्षांच्या कराराचे मुख्य कलम होते. त्याच दिवशी चीनला एक टक्का व्याजाने ३० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले, परंतु ते पाच वर्षांत हप्त्यांनी मिळणार असून त्याची फेड कच्चा माल, चहा, सोने व डॉलर यांच्या रूपाने करावयाची होती. मॉस्कोत जवळजवळ दोन महिने तिष्ठलेल्या माओंच्या पदरी पडलेले हे दान उदार म्हणता येत नाही.

मदतीचा खरा ओघ कोरियन युद्धाने वाढला. चिनी फौजा रणांगणात उतरल्यावर सोव्हिएत वैमानिकांनी, आपली ओळख लपवून, मिग-१५ ही जेट लढाऊ विमाने त्यांच्या बाजूने उडविली, आणि १९५६ मध्ये शेनयांगच्या कारखान्यातून मिग-१७ची चिनी आवृत्ती बाहेर पडली. १९५७ च्या गुप्त करारात अणुबॉम्बचा नमुना देण्याचे आश्वासनही होते. ते सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९५९ मध्ये फिरविले, पुढच्या वर्षी चीनमधील सोव्हिएत तज्ज्ञ माघारी बोलाविले, तरीही १९६४ मध्ये लोप नोर येथे चीनने स्वबळावर अणुस्फोट घडविला.